घरात घडवलेले कलाविश्व जपायचे कसे? नवख्यांसाठी मार्गदर्शक

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड हे गाव आहे. तेथील ऑक्स्टन भागातील एका जुन्या घराच्या तळमजल्यावर रॉन गिटिन्स नावाचे गृहस्थ १९८६ पासून भाड्याने राहत होते. घरात त्यांनी फारच थोड्या माणसांना येऊ दिले होते. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर घरच्या मंडळींनी खोल्या नीट पाहिल्या, तेव्हा एका खोलीत सिंहाच्या उघड्या जबड्यासारखी शेकोटी, दुसऱ्या खोलीत बैलाचे तोंड असलेल्या मिनोटॉर या ग्रीक पुराणातील राक्षसाची शेकोटी, स्वयंपाकघरात रोमन वेदी आणि भिंतीभिंतीवर चित्रे असा सारा पसारा त्यांच्यापुढे उभा राहिला. घर भाड्याचे होते, म्हणजे रीतीप्रमाणे ते रिकामे करून, भिंतींना पांढरा रंग देऊन किल्ली परत करायची होती. त्याऐवजी कलाकाराच्या भाचीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी भाडे भरत राहून वेळ मिळवला. २०२३ मध्ये इमारत लिलावात निघाली, तेव्हा एका देणगीदाराच्या मोठ्या मदतीने ती विकत घेता आली, आणि २०२४ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

हे उदाहरण आरंभीच देण्याचे कारण असे की, येथे ज्या प्रसंगासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे तो प्रसंग आपल्याकडेही येतो. निवृत्तीनंतर कागदाच्या लगद्यातून अख्खी पंढरी उभी करणारे आजोबा, माजघराच्या भिंती बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवणाऱ्या आत्याबाई, गॅलरीत पत्र्याची जहाजे करून टांगणारे मामा, अशी माणसे बहुतेक कुटुंबांच्या आठवणीत एक तरी सापडते. त्यांना कोणी चित्रकला शिकवलेली नसते, त्यांची प्रदर्शने भरलेली नसतात आणि त्यांच्या पश्चात ‘या सगळ्याचे आता करायचे काय’ हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहतो, त्यांनाही जतनाचे शिक्षण मिळालेले नसते. पुढील पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत. मूळ मुद्दा ध्यानात ठेवावा, तो असा की, अशा घरात जपायची असते ती वस्तूंची बेरीज नव्हे, तर कोणती वस्तू कोणाशेजारी, किती उंचीवर आणि कोणत्या उजेडात आहे ही मांडणी. वस्तू कपाटात भरून ठेवता येतात, पण मांडणी एकदा मोडली की ती नोंदीशिवाय परत जुळवता येत नाही.

पहिली पायरी: खोली बंद ठेवावी

आपल्याकडे माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि चौदाव्या दिवसापासून आवराआवर सुरू होते. कलाकाराच्या खोलीचे सर्वांत मोठे नुकसान याच दिवसांत होते, आणि ते करणारी माणसे प्रेमाचीच असतात. कोणी आठवण म्हणून एक बाहुली उचलतो, कोणी धूळ बसली म्हणून ओल्या फडक्याने भिंत पुसून काढतो, कोणी ‘हा कचरा तरी टाकू’ म्हणून कोपऱ्यातला डबा रद्दीवाल्याला देतो. म्हणून खोलीला कुलूप लावून किल्ली एकाच माणसाकडे द्यावी आणि आलेल्या प्रत्येकाला नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे की, वाटपाचा विषय नोंद पूर्ण झाल्यावरच निघेल.

थांबता येणार नाही अशी कामे मात्र लगेच करावीत: गॅसची टाकी बंद करणे, नासणारे खाद्यपदार्थ काढणे, गळता नळ आणि उघडी वायर पाहणे, उंदीर शिरत असतील तर ती वाट बुजवणे. याखेरीज पहिल्या पंधरवड्यात काहीही करू नये.

कचऱ्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. लंडनमधील ५७५ वँड्सवर्थ रोड हे साधेसुधे चाळवजा घर खदांबी असलाचे या केनियात जन्मलेल्या कवीने १९८१ मध्ये घेतले आणि २००६ मध्ये निधन होईपर्यंतच्या काळात त्याच्या भिंती, छत आणि दारे हाताने कोरलेल्या लाकडी जाळीकामाने भरून टाकली. ते लाकूड बरेचसे लोकांनी टाकून दिलेले होते. अशा कलाकाराच्या घरात फुटक्या बशांची पिशवी, बाटल्यांची झाकणे किंवा कापलेल्या फळ्यांचे तुकडे हा कच्चा माल असतो. त्यावरून त्याची निवड, त्याची काटकसर आणि अपुरे राहिलेले बेत कळतात. त्यामुळे कच्चा माल, हत्यारे, रंगाचे सुकलेले डबे आणि कागदी कात्रणे यांना वस्तूंइतकेच महत्त्व द्यावे. पुढे जागा कमी पडली तर त्यांतील नमुना ठेवून उरलेले कमी करता येते, मात्र तो निर्णय नोंदीनंतरचा आहे.

दुसरी पायरी: जागा कोणाची आणि हक्क कोणाचा

नवख्या मंडळींना वाटते की वाळवी हा पहिला शत्रू आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरे वाळवीने नव्हे, तर कागदपत्रांनी जातात. म्हणून झाडू हाती घेण्याआधी जागेची स्थिती एका पानावर लिहून काढावी: मालकी, भाडे, पागडी की सहकारी सोसायटीतील सदनिका, कर्ज आहे का, वारस किती आणि कोठे, मृत्युपत्र आहे का. सोसायटीत नामनिर्देशन केलेली व्यक्ती आपोआप मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने जागा सांभाळणारी असते, ही गोष्ट अनेक कुटुंबांना भांडण झाल्यावरच समजते. घर भाड्याचे असेल तर मालकाशी लगेच आणि लेखी बोलावे. बर्कनहेडच्या घरात रॉन गिटिन्स यांना आपल्या आवडीप्रमाणे सजावट करण्याची मुभा होती आणि निधनानंतर भाडे चालू ठेवण्यास वाव मिळाला, एवढ्यावरच पुढचे सारे उभे राहिले. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाची टांगती तलवार असते. सोसायटीच्या सभेच्या सूचनेत तो शब्द दिसला की, इमारत पडायला अजून पाच वर्षे आहेत असे सगळे म्हणत असले तरी, नोंदणीचे काम त्याच महिन्यात पुरे करावे.

वारसा म्हणून सरकारी संरक्षण मिळेल या भरवशावर राहू नये. आपल्याकडील प्राचीन स्मारकांचा आणि पुरावशेषांचा कायदा साधारणपणे १०० वर्षांपूर्वीच्या गोष्टींचा विचार करतो. १९८० च्या दशकात थर्माकोल आणि ऑइलपेंटने मढवलेली भिंत त्याच्या कक्षेत येत नाही.

कॉपीराइट हा स्वतंत्र विषय आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो कलाकाराच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो आणि वारसांकडे जातो. याचा अर्थ घर विकत घेणाऱ्याला भिंत मिळते, पण त्या भिंतीवरील चित्राच्या प्रती छापून विकण्याचा हक्क मिळत नाही. याच कायद्याच्या ५७ व्या कलमात कलाकाराचा नैतिक हक्क, म्हणजे आपल्या कलाकृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले होते. त्याबद्दल २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. त्यावरून फार मोठी आशा बांधू नये, कारण प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडल्यावर वास्तुविशारद राज रेवाल यांनी मागितलेली दाद त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये नाकारली. भिंत आणि चित्र वेगळे करता येत नसेल, तर मालकाचा हक्क वरचढ ठरण्याची शक्यता मोठी असते. आपल्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच.

कलाकार हयात असेल तर ही पायरी आजच, त्यांच्या समक्ष पूर्ण करावी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. त्यात घर, वस्तू आणि कॉपीराइट यांचा वेगवेगळा उल्लेख असावा. त्यांना स्वतःला हे सारे टिकावे असे वाटते का, हेही विचारावे. काही जणांचे उत्तर ‘नाही’ असते आणि त्या उत्तरालाही मान द्यावा लागतो.

तिसरी पायरी: हात लावण्याआधी नोंद

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पुढचे सारे बिनसले तरी ही नोंद उरते.

साध्या फोनचा कॅमेरा पुरेसा आहे. फक्त रंग खुलवणाऱ्या सोयी बंद कराव्यात आणि शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी, फ्लॅश न वापरता छायाचित्रे घ्यावीत. आधी दारातून संपूर्ण खोली, मग दाराच्या डावीकडून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या क्रमाने एकेक भिंत, नंतर छत आणि जमीन. त्यानंतर प्रत्येक भिंतीसमोर एकाच अंतरावर राहून एकेक पाऊल सरकत अशी छायाचित्रे घ्यावीत की, प्रत्येक छायाचित्राचा निम्म्याहून अधिक भाग आधीच्या छायाचित्रात आलेला असेल. अशा एकमेकांवर चढणाऱ्या छायाचित्रांवरून पुढे संगणकावर खोलीची त्रिमित प्रतिकृती तयार करता येते. ते तंत्र आज आपल्याला येत नसले तरी छायाचित्रे मात्र आजच त्या पद्धतीने घेतलेली असावी लागतात. शेवटी खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला समांतर, तिरपी धरावी आणि छायाचित्रे घ्यावीत. समोरच्या उजेडात न दिसणारे पोपडे, तडे, बोटांचे ठसे आणि खाली दडलेले जुने रंगकाम या तिरप्या उजेडात उठून दिसते. प्रत्येक भिंतीच्या एका छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी.

मग आलेखाच्या कागदावर खोलीचा नकाशा काढून वस्तूंना क्रमांक द्यावेत. क्रमांकाची पद्धत साधी असावी: खोलीचे आद्याक्षर, दिशा आणि अंक. ‘मा-पू-१४’ म्हणजे माजघर, पूर्वेची भिंत, चौदावी वस्तू. हा क्रमांक वस्तूवर लिहू नये आणि स्टिकर तर मुळीच चिकटवू नये, कारण त्याचा गोंद काही वर्षांत तेलकट डाग बनून आत उतरतो. जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांधावी. बॉलपेनची शाई पसरते. नोंदवहीत क्रमांक, वर्णन, साहित्य, मापे, जमिनीपासूनची उंची, सध्याची अवस्था आणि छायाचित्राचा क्रमांक एवढे रकाने पुरतात. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ असे शब्द तेथे नकोत. ‘डावा कान तुटलेला, तुकडा जवळच सापडला’ असे वाक्य हवे. मिटलेला खण उघडण्याआधी एक छायाचित्र आणि उघडल्यावर, आत हात घालण्याआधी दुसरे, ही सवय लावून घ्यावी.

वस्तूंइतकीच माणसांचीही नोंद घ्यावी. दक्षिण आफ्रिकेतील न्यू बेथेस्डा या खेड्यात हेलन मार्टिन्स या बाईंनी आपल्या घराच्या आतील भिंती काचेच्या भुकटीने चमकवल्या होत्या आणि अंगणात सिमेंटच्या मूर्ती उभ्या केल्या होत्या. त्यांतल्या अनेक मूर्ती घडवण्यात कोस मालगास या मदतनिसाचा हात होता. १९७६ मध्ये बाई गेल्या. पुढे दुरुस्तीची वेळ आली तेव्हा १९९० च्या दशकात मालगास यांनाच परत बोलावण्यात आले, कारण सिमेंटचे प्रमाण आणि आतल्या तारेची बांधणी त्यांच्या हातात होती. आपल्याकडे असा माणूस कोण असेल? रंग उधार देणारा दुकानदार, फळ्या कापून देणारा सुतार, काचा बाजूला काढून ठेवणारा भंगारवाला, शाळेतून येता येता मदत करणारा शेजारचा मुलगा. त्यांना खोलीत नेऊन, प्रत्येक वस्तूपुढे उभे करून, त्यांच्या परवानगीने आवाज ध्वनिमुद्रित करावा. बाहेर ओटीवर बसवून विचारलेल्या प्रश्नांना मोघम उत्तरे मिळतात, आणि वस्तू समोर असली की ‘ही मूठ मोडली होती तेव्हा त्यांनी सायकलची तार घातली’ असे वाक्य बाहेर पडते.

या सगळ्याच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी. नोंदवहीची कागदावरची प्रत असावीच.

चौथी पायरी: आधी छप्पर, मग भिंत, मग वस्तू

उत्साही मंडळी तुटलेल्या मूर्तीपासून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा. वरून गळणारे पाणी, भिंतीत चढणारी ओल आणि जुने वायरिंग या तीन गोष्टी आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात. जुन्या वायरी भिंतीच्या आत आणि सजावटीच्या मागे असल्या, तर त्या उपटण्यापेक्षा त्यांचा पुरवठा कायमचा तोडून नवी वायर बाहेरून, दिसेल अशी नेणे अनेकदा कमी हानीचे ठरते.

ओलीबाबत घाई करू नये. असलाचे यांच्या घरातील जाळीकामाची सुरुवातच तळघरातल्या जेवणाच्या खोलीत सतत येणारी ओल झाकण्यासाठी लावलेल्या फळ्यांपासून झाली होती. म्हणजे सजावटीमागे आजार दडलेला असतो आणि सजावट काढल्याशिवाय तो दिसत नाही, अशी कोंडी होते. अशा वेळी भिंतीच्या बाहेरच्या अंगाने, शेजारच्या न्हाणीघराच्या नळापासून, गच्चीच्या उतारापासून आणि पन्हाळीपासून शोध सुरू करावा. पाणी येणे थांबले की भिंत आपोआप, पण सावकाश वाळते, त्याला एक संपूर्ण उन्हाळा द्यावा. हीटर किंवा मोठे पंखे लावून ती झटपट वाळवली, तर आतले क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाचे पोपडे सुटतात.

माती किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा, ऑइलपेंट किंवा ‘पाणी रोखणारा’ थर कधीही देऊ नये. अशा भिंती श्वास घेतात, म्हणजे ओल शोषतात आणि सोडतात. एका बाजूने तोंड बंद केले की ती ओल दुसऱ्या बाजूने, नेमकी चित्रातून बाहेर पडते.

पाचवी पायरी: धूळ, ऊन, पावसाळा आणि कीड

जी वस्तू भुसभुशीत झालेली नाही किंवा जिचा रंग सुटत नाही, तिच्यावरची धूळ मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने वरून खाली झाडावी आणि झाडलेली धूळ हवेत न उडता ओढली जावी यासाठी व्हॅक्यूमचे तोंड जवळ, पण वस्तूला न लावता धरावे. तोंडावर मलमलीचा तुकडा बांधावा, म्हणजे सुटलेला मणी किंवा टिकली आत जात नाही. पाणी, साबण, लिंबू, रॉकेल, पॉलिश यांतील काहीही वापरू नये. थर्माकोल तर थिनरच्या वासानेसुद्धा विरघळू लागतो, हे लक्षात असावे.

उन्हाने कागद, कापड आणि जलरंग यांचे होणारे नुकसान भरून येत नाही. संग्रहालये अशा वस्तूंसाठी प्रकाशाची मर्यादा साधारण ५० लक्स धरतात, म्हणजे जेमतेम वाचता येईल एवढा उजेड. घरात लक्स मोजत बसण्याऐवजी खिडकीला जाड सुती पडदा लावावा आणि कोणी पाहायला आल्यावरच तो सरकवावा.

पावसाळ्याविषयी एक स्वतःची चूक सांगतो. आमच्या नात्यातल्या एका घरी कागदाच्या लगद्याचा देखावा होता. पावसाळ्याच्या तोंडावर तो आम्ही मोठ्या काळजीने प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून माळ्यावर ठेवला. नवरात्रात उघडला, तेव्हा मूर्तींच्या चेहऱ्यांवर बुरशीचे केस उगवले होते. लगद्यात मुरलेली हवेतली ओल आम्हीच आत कोंडली होती, आणि खळीसारखे खाद्य बुरशीला तयारच मिळाले. आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाव मिळतो आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याहून कितीतरी वर असते. अशा काळात वस्तू भिंतीपासून चार बोटे दूर ठेवाव्यात, त्यांच्यावर धुतलेल्या जुन्या सुती चादरी टाकाव्यात, पावसाची उघडीप मिळेल तेव्हा हवा खेळती ठेवावी आणि एक साधे आर्द्रतामापक भिंतीला टांगून त्यावरचा आकडा रोज वहीत लिहावा. बुरशी दिसलीच तर ओले फडके न लावता, वस्तू वेगळी करून, मास्क लावून, पूर्ण वाळल्यावरच ब्रशने झाडावी.

कीड ओळखून उपाय करावा. लाकडाखाली पिवळसर पिठासारखा भुगा पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे. मातीच्या नळ्या चढलेल्या असतील तर वाळवी. कागदाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसत असेल तर कसर. वाळवीचा उपाय घराच्या पायाशी, प्रशिक्षित माणसाकडून करावा आणि औषधाचा फवारा रंगकामावर पडू देऊ नये. कापडाच्या किंवा कागदाच्या छोट्या, कोरड्या वस्तूंसाठी हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवण्याची रीत आहे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर वस्तूवरच दव धरते. जाड रंगाचा थर, काच किंवा निरनिराळी साहित्ये चिकटवलेली वस्तू अशा थंडीत घालू नये.

सहावी पायरी: दुरुस्ती, आणि ती कोठे थांबवावी

सामान्य नियम असा की, जे काही जोडले ते पुढे सोडवता आले पाहिजे. घरातला पांढरा गोंद, झटपट चिकटवणारे द्रव आणि इपॉक्सी या कसोटीला उतरत नाहीत. तुटलेला तुकडा मऊ कागदात गुंडाळून, क्रमांक घालून, मूळ वस्तूच्या शेजारी डबीत ठेवणे हीसुद्धा पुरती दुरुस्ती आहे. रंग उडाला म्हणून नवा रंग देण्याचा मोह सर्वांत घातक आहे, कारण नातवाने उजळवलेले डोळे हे आजोबांचे डोळे राहत नाहीत. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कडक मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली, त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते आणि ते लहान मुलांना विशेष बाधते.

मात्र हा नियम सगळीकडे सारखा लागू होत नाही. छत्तीसगडमधील सरगुजा भागातील पुहपुटरा गावी सोनाबाई रजवार यांनी अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, कोणी न शिकवता, घराच्या आत मातीचे जग उभे केले होते: बांबूच्या कामट्यांची वर्तुळे बांधून त्यांवर माती लिंपलेल्या जाळ्या, त्या जाळ्यांत बसलेले पक्षी, माकडे, माणसे. १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनाच्या मंडळींना त्यांचा शोध लागला आणि त्यांचे काम संग्रहालयात पोहोचले. मातीचे असे घर दरवर्षी लिंपावे लागते, आणि लिंपणे हा त्याच्या निर्मितीचाच भाग असतो. ते काचेत घालून गोठवले तर भिंती टिकतात, पण रीत जाते. सोनाबाईंनी पुढे इतरांना शिकवले आणि त्यांच्या घरातील माणसांनी ते काम चालू ठेवले. म्हणून आपल्यासमोरील घर पाहताना आधी ठरवावे: हे एका हाताने एकदाच केलेले काम आहे, की दर सणाला नवे होत गेलेले? पहिल्या प्रकारात हात आखडता घ्यावा, आणि दुसऱ्या प्रकारात माती कोठली, शेण किती, कोणत्या महिन्यात, कोणाच्या हाताने, ही कृती लिहून घेऊन ती शिकून घ्यावी.

जेथे आपली मती चालत नाही तेथे तज्ज्ञाला बोलवावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे, इंटॅक या वारसा जपण्यासाठी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची संवर्धन केंद्रे आहेत आणि लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे. तिसऱ्या पायरीतील छायाचित्रे आणि नोंदवही सोबत असली, तर तज्ज्ञाचा अर्धा वेळ आणि आपला बराच खर्च वाचतो.

सातवी पायरी: जागेवर ठेवावे, हलवावे की सोडून द्यावे

जागेवर राहणे केव्हाही उत्तम, पण ते प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात मॉड लुईस या चित्रकर्तीचे घर जेमतेम एका खोलीचे होते आणि दार, जिना, चूल, ट्रे असे हाताला लागेल ते तिने फुलापाखरांनी रंगवून टाकले होते. १९७० मध्ये ती आणि १९७९ मध्ये तिचा नवरा गेल्यावर घर झपाट्याने खंगू लागले. गावकऱ्यांनी धडपड केली, १९८४ मध्ये प्रांतिक सरकारने ते घेतले आणि पुष्कळ वर्षांनी ते संपूर्ण घर हॅलिफॅक्सच्या कलादालनाच्या आत उभे केले गेले. घर वाचले, मूळ जागी आता पोलादी चौकटीचे स्मारक आहे. ते घर इतके लहान नसते, तर हे घडले नसते असे मला वाटते. आपल्या तीन खोल्यांच्या सदनिकेसाठी कोणी कलादालन बांधणार नाही, हे गृहीत धरूनच विचार करावा.

हलवणे भाग पडले तर सुट्या वस्तूंमधून ‘चांगल्या’ वस्तू वेचण्याऐवजी एक कोपरा, एक संपूर्ण भिंत किंवा देवघराभोवतीची मांडणी अशी जोडलेली तुकडी निवडावी. दहा उत्तम मूर्ती दहा घरांत गेल्या की त्या शोभेच्या वस्तू होतात, पण एक संपूर्ण कोनाडा एका ठिकाणी राहिला तर पाहणाऱ्याला त्या घराचा अंदाज येतो. जिल्ह्यातील संग्रहालय, कलामहाविद्यालय किंवा ग्रंथालय यांना देताना काय दिले, कोणत्या अटींवर, प्रदर्शनाबाहेर ते कोठे राहील आणि नको झाल्यास कोणाला परत करतील, हे लेखी घ्यावे. आणि काहीच ठेवता आले नाही तर अपराधी वाटून घेऊ नये. पुरती नोंद, ध्वनिमुद्रण आणि मूठभर वस्तू असलेली पेटी ही नोंद न करता अर्धवट राखलेल्या खोलीपेक्षा अधिक बोलते.

आठवी पायरी: माणसे, पैसा आणि वर्षाचे वेळापत्रक

घर राहणार असेल तर ते एकाच भावाच्या खिशावर उभे राहू नये. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास नोंदवता येतो. त्याचा एक लाभ असा की न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मात्र दरवर्षीचे हिशेब आणि बैठकांचे कागद सांभाळण्याची तयारी हवी, अन्यथा दोन-तीन वर्षे कुटुंबातील साध्या लेखी करारावर काम चालवून पाहावे. अंदाजपत्रकात वीजबिल, मालमत्ता कर, सोसायटीचे शुल्क आणि छपराची वार्षिक डागडुजी आधी लिहावी, प्रदर्शन आणि पुस्तिका शेवटी.

भेटी ठरवून, चार-पाच जणांच्या तुकडीत द्याव्यात. चपला बाहेर काढण्याची आपली रीत येथे उपयोगी पडतेच. पाठीवरच्या पिशव्याही बाहेर ठेवायला सांगाव्यात, कारण अरुंद खोलीत पाठीमागचे शिल्प त्यांनीच पडते. शेजाऱ्यांना सर्वांत आधी बोलवावे. जिन्यात गर्दी होते ही तक्रार पुढे सोसायटीच्या सभेत येणार असेल, तर ती मांडणाऱ्याने निदान एकदा तरी आत येऊन पाहिलेले असावे.

वर्षाचे वेळापत्रक दाराच्या आतल्या बाजूला टांगावे. एप्रिलमध्ये कौले किंवा गच्ची आणि पन्हाळी, मेअखेरीस चादरी आणि आर्द्रतामापक, पावसाळ्यात दर आठवड्याला एक फेरी, ऑक्टोबरमध्ये उघडझाप, हवा आणि कीड-तपासणी, जानेवारीत नोंदवहीशी एकेका क्रमांकाची पडताळणी. याच पडताळणीच्या दिवशी, पहिल्या वर्षी दारातून छायाचित्र घेतले त्याच जागेवर उभे राहून, त्याच उंचीवर फोन धरून पुन्हा एक छायाचित्र घ्यावे. ती जागा चुकू नये म्हणून उंबऱ्याच्या आत जमिनीवर खडूची खूण करून तिचे अंतर नोंदवहीत लिहून ठेवावे, कारण खडू पुसला जातो आणि पुढच्या जानेवारीत फोन धरणारा हात बहुधा दुसऱ्याचा असतो.